अक्कांची प्लेट

हेब्बाळच्या एका रुग्णालयात मी जंतूंच्या प्रयोगशाळेत काम करते. मी मूळची निपाणीकडची; घरात मराठी, बाजारात कानडी, अशी वाढलेली. नोकरी लागली तेव्हा बेंगळुरूत ओळखीचं कुणीच नव्हतं. एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं खोली मिळाली आणि खोलीबरोबर खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई मिळाल्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या; लेक म्हैसूरला. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात अडवलं होतं. "मगळे, डबा कुठाय?" मगळे म्हणजे मुली. त्या माझ्याशी कानडीतच बोलायच्या. मी म्हटलं, वेळ नाही मिळाला. "उपाशीपोटी लोकांचे रोग काय बघणार तू?" असं म्हणून त्यांनी चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा, डबा माझ्या हातात कोंबला. पुढे तो रोजचाच झाला.

अक्कांना लघवीच्या जळजळीचा त्रास वरचेवर व्हायचा. कधीतरी डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर त्या गोळ्या आणून ठेवायच्या, दोन दिवस घ्यायच्या, बरं वाटलं की बंद करायच्या. उरलेल्या पुढच्या वेळेला. एकदा त्या गोळी घेताना मी पाहिलं आणि म्हटलं, "अक्का, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नका घेऊ. आणि घेतल्या तर मध्येच सोडू नका."

"सरी, सरी," त्या म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे, ऐकलं. मीही घाईत होते, तशीच निघून गेले. ज्या कामाचा मी पगार घेते तेच घरच्या माणसाला नीट समजावून सांगायला मला पाच मिनिटं काढता आली नाहीत, हे अजून टोचतं.

एका रविवारी सकाळी मी खाली आले तर दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच पडलेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अक्का दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होत्या, दातावर दात वाजत होते. "स्वल्प ज्वर," त्या पुटपुटल्या. थोडासा ताप. मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्हैसूरहून कधी आलीस?"

मला त्या लेक समजत होत्या. मी बाहेर धावले. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या अण्णांना हाक मारली. त्यांनी काही न विचारता अक्कांना उचलून रिक्षात बसवलं आणि आम्ही माझ्याच रुग्णालयात पोचलो. रक्तदाब खाली गेला होता. डॉक्टर तरुण मुलगी होती, पण हात स्थिर. तिनं आधी तपासणीसाठी दोन छोट्या बाटल्यांत रक्त आणि लघवीचा नमुना घ्यायला लावला, मग सलाईन आणि पहिलं इंजेक्शन सुरू केलं. मी म्हैसूरला फोन लावला. लेक संध्याकाळपर्यंत येऊन पोचली.

सोमवारी सकाळी कामावर गेले तर रक्ताच्या बाटल्या उबेत ठेवायच्या यंत्रावर लाल दिवा लागलेला. एका बाटलीत काहीतरी वाढलं होतं. बाटली काढली, चिठ्ठी वाचली. अक्कांचं नाव. इतकी वर्षं मी चिठ्ठ्या वाचत होते, पण नावामागचा चेहरा माझ्या ओळखीचा असण्याची ती पहिलीच वेळ. काचेवर थेंब पसरला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गुलाबी, बारीक काड्यांसारखे जंतू. सगळीकडे.

लघवीचा नमुनाही पाहिला. तिथं पांढऱ्या पेशींची गर्दी होती, आणि काही पेशींच्या पोटात त्याच काड्या गिळलेल्या दिसत होत्या. असं मी शेकडो वेळा पाहिलेलं. त्या दिवशी मात्र नजर हलेना. वर वॉर्डात ज्या बाईंना स्वतःचं नाव आठवत नव्हतं, त्यांच्या शरीराला आपलं काम बरोबर आठवत होतं.

आता कुठलं औषध चालेल ते बघायचं. जंतू प्लेटवर पसरायचे, त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट उबेत ठेवून द्यायची. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ मोकळं वर्तुळ राहतं.

मंगळवारी सकाळी आल्या आल्या प्लेट उघडली. पहिल्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढलेले. दुसरीला तसंच. तिसरी अक्का घरी घ्यायच्या त्याच गोळीची. तिच्याभोवतीही दाट साय धरल्यासारखी वाढ. रविवारी सुरू केलेल्या इंजेक्शनचीही तीच गत. आणि मग प्लेटच्या एका बाजूला दोन चकत्या, दोन्हींभोवती मोठी, नितळ वर्तुळं. त्या कागदाच्या कपट्यांना मी मनातल्या मनात हात जोडले.

पट्टीनं वर्तुळं मोजली, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना दाखवली, त्यांनी मान हलवताच वॉर्डात फोन केला.

"दोनच चालतायत," मी म्हटलं.

"एक असतं तरी चाललं असतं," डॉक्टर म्हणाली. "लगेच बदलते."

गुरुवारी ताप उतरला. मी जेवणाच्या सुट्टीत वर गेले तेव्हा अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मगळे, जेवलीस का?" मी बाहेर जाऊन रडले आणि मग परत आत आले.

डॉक्टर बाहेरच भेटली होती. मी विचारलं, "पहिलं इंजेक्शन चालतच नव्हतं. मग दोन दिवस त्या कशावर तगल्या?"

"सलाईननं आधार दिला, पण झुंज त्यांच्या शरीरानंच दिली," ती म्हणाली. "पुढेही तेच. आपलं औषध जंतूंना मोडतं, वाढू देत नाही. उरलेले गिळून साफ करायला पांढऱ्या पेशीच लागतात. त्या थकल्या असत्या तर तुमची दोन वर्तुळंही कमी पडली असती."

अक्का बऱ्या होऊन घरी आल्यावर मी त्यांना मोबाइलवर प्लेटचा फोटो दाखवला आणि तिसऱ्या चकतीवर बोट ठेवलं. "ही तुमची नेहमीची गोळी. अर्धवट घेतलीत की चिवट जंतू तेवढे मागे राहतात आणि तेच वाढतात." त्यांनी मोबाइल हातात घेऊन फोटो डोळ्यांजवळ नेला. मग आत गेल्या आणि सगळ्या उरलेल्या गोळ्या आणून माझ्या ओंजळीत घातल्या. "तू तेव्हा सांगितलं होतंस."

"नीट नव्हतं सांगितलं," मी म्हटलं.

पुढे पावसाळ्याच्या अखेरीला मलाच ताप आला. डॉक्टरांनी तपासून विषाणूचा साधा ताप असल्याचं सांगितलं. अक्का गुडघे धरत जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, मला दिलं तसलं भारी इंजेक्शन घे.

"ते जंतूंवरचं, अक्का. विषाणू आपल्याच पेशीत शिरून बसतो, त्याला ते लागत नाही. काही विषाणूंवर वेगळी औषधं आहेत, पण या तापाला ती नकोत. अंग दुखलं तर साधी तापाची गोळी, बस."

"मग लढणार कोण?"

"मीच. म्हणजे माझं अंग."

"एकटं?" त्यांना ते पटलं नाही. त्या खाली गेल्या आणि मिऱ्याचं सारू, म्हणजे पातळ सार, नि मऊ भात घेऊन आल्या. तीन दिवस त्यांनी असा जिना चढून मला पाणी पाजलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला, आणि मी झोपले असले की खुर्चीत बसून शेंगा सोलत राहिल्या. चौथ्या दिवशी दरदरून घाम आला, अंग हलकं झालं आणि कडकडून भूक लागली. मी दोनदा भात वाढून घेतला. अक्का समोर बसून बघत होत्या.