सहीची जागा

बाजारातल्या सगळ्या पाट्या दादा रंगवतो असं लोक समजत होते, आणि ताईने तो समज बारा वर्षं मुकाट्याने जपला. त्याआधी तिचं काम म्हणजे भावाला रंग कालवून देणं, ब्रश धुणं आणि त्याची बोलणी खाणं. मग औषधाच्या दुकानाची पाटी अर्ध्यावर असताना दादाचा हात थरथरायला लागला. ताईने गाळ्याचं दार लावून घेतलं आणि उरलेली अक्षरं पुरी केली. दुसऱ्या दिवशी औषधवाला म्हणाला, "वा दादा, काय सफाईदार हात आहे तुझा!" बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तोंडं मिटून घेतली. तेव्हापासून वाटणीच ठरली. पाटी ताईने रंगवायची आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात वाकडीतिकडी सही दादाने ठोकायची. ती वाकडी सही लोकांना कलावंताची लहर वाटे. लोकांचं काय जातं म्हणायला!

त्रेपन्नाव्या वर्षी मात्र ताईच्या मनाने उचल खाल्ली. वाचनालयात चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, विषय होता 'मी'. एकदा तरी भिंतीवर काहीतरी आपलं म्हणून लागावं, एवढीच तिची इच्छा. तिने हातभर पत्रा कापला, समोर आरसा टेकवला आणि पाट्यांच्याच ऑइलपेंटने स्वतःला रंगवलं. अर्जावर स्वतःचं नाव घातलं. दादा म्हणाला, "मी येतो बरोबर. पत्रा धरायला कुणीतरी हवंच."

निवड करायला चित्रकलेचे सर बसले होते. त्यांनी पत्रा टेबलावर आडवा ठेवला, चष्मा नाकावर ढकलला आणि इतके वाकले की ताईला वाटलं, आता हे वास घेणार.

"नाकाला हिरवा रंग? गाल म्हणजे नुसते तीन पट्टे. आणि हा कोपरा साफ रिकामा, त्यामुळे चित्र एका बाजूला कलंडलंय." त्यांनी पत्रा हळूच तिच्याकडे सरकवला. "ताई, हौस चांगली आहे तुमची."

हौस! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं पाठीचा कणा मोडून घेतला, ती काय हौस?

"सर, हे असं टेबलावर नाही बघायचं," ती म्हणाली. "उठा. रस्ता ओलांडू या."

"रस्ता?"

"आमचं काम पलीकडच्या माणसासाठी असतं. चला, मी पडू देत नाही तुम्हाला."

नाही म्हणायला सरांना वेळच मिळाला नाही. दादा वाचनालयाच्या पायरीवर पत्रा उभा धरून थांबला आणि ताई सरांना घेऊन समोरच्या शिंप्याच्या दुकानापाशी गेली. तिथे दोघं मागे वळले.

नाकावरचा हिरवा दिसेनासा झाला होता, तिथे नुसती सावली होती. तीन पट्ट्यांचा उन्हातला गाल झाला होता. पायरीवर जणू खरीच एक बाई बसून मन लावून काम करत होती. सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. शिंपीही मशीन थांबवून बाहेर आला.

"हे कसं केलंत?" सरांचा आवाज खाली आला होता.

"आधी नजर कुठे गेली तुमची?"

"लाल बाहीवर."

"जाणारच. लाल पुढे येतो, म्हणून तो बाहीला दिला. भिंत राखाडी-निळी, ती मागे सरकते आणि मला जागा करून देते. बाहीपासून ही हात टेकवायची काठी तिरकी वर चढते. तिच्यावरून तुम्ही डोळ्यांपर्यंत पोचता."

"पण डोळे आमच्याकडे बघत नाहीत."

"काम करणारी बाई लोकांकडे बघत बसते का? ती ब्रशच्या टोकाकडे बघते. मग तुम्हीही तिकडेच बघता. आणि टोकावरून नजर खाली जाते ती..."

ताई थांबली. टोकाखाली तो रिकामा कोपरा होता. चार बोटं उंच, वीतभर रुंद, नेमका मोजून सोडलेला. बाही, काठी, डोळे, ब्रश, सगळ्यांनी मिळून नजर तिथे आणून सोडली होती आणि तिथे काहीच नव्हतं. सवयीने तिने स्वतःच्या चेहऱ्याखालीसुद्धा दादाच्या सहीची जागा ठेवली होती. तिला भयंकर लाज वाटली, आणि लगेच हसूही फुटलं.

ती तरातरा रस्ता ओलांडून आली. "दादा, अरे, मी तुझी जागा सोडलीय!"

दादाने कोपरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "सर, बारा वर्षांच्या सगळ्या पाट्या हिच्या आहेत! मी खाली नुसतं नाव खरडतो!" शिंप्याशेजारचा औषधवाला दुकानाबाहेर आला होता, त्याने आ वासून स्वतःच्याच पाटीकडे पाहिलं.

दादाने पत्रा पायरीवर भिंतीला टेकवून उभा केला आणि कडा खरवडल्या तर हाताशी असावं म्हणून आणलेलं सामान पिशवीतून काढलं: लाल रंग, ब्रश आणि काठी. "कर सही. बारीक नको हं, रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे."

ताईने ब्रश उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात थरथरला. दादाने तिच्या मनगटाखाली काठी धरली. त्याचे हात नेहमीसारखे कापत होते, पण काठीचं टोक त्याने छातीशी घट्ट दाबून ठेवलं आणि ती हलू दिली नाही. ताईने सगळा कोपरा भरून नाव लिहिलं.

ती बाजूला झाली. पलीकडून सरांनी ते नाव मोठ्यांदा वाचलं, मग शिंप्याने, मग औषधवाल्याने. एकाचंही एक अक्षर चुकलं नाही.