क्वाबेनाचा दंड नसलेला फोटो

आमच्या वरच्या मजल्यावरचा क्वाबेना मूळचा घानाचा. इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या एका कारखान्यात तो फोर्कलिफ्ट चालवतो. माणूस धिप्पाड, त्यामुळे फोटो काढणारा प्रत्येक जण त्याला दंड फुगवायला सांगतो. आमच्या ऊर्मिलाने मात्र वस्तीच्या फोटो-प्रदर्शनासाठी त्याला लेकीच्या वेण्या घालताना टिपलं. दुसऱ्या दिवशी छोटी अमा पहिल्यांदाच शाळेत जाणार होती. तोंडात कंगवा धरलेल्या बापाचे डोळे भरून आले होते.

“हा नको गं,” फोटो पाहून क्वाबेना म्हणाला. “कामावरचा युर्गेन महिनाभर चिडवेल. दंडवाला लाव.”

“दंड सगळ्यांनी पाहिलेत,” ऊर्मिला म्हणाली. “पण तू नको म्हणालास तर नाही लावणार.”

त्याने अमाला विचारलं.

“पापा, डावी वेणी वाकडी झालीय,” ती म्हणाली. “पण हाच लाव. ह्यात तू माझा पापा दिसतोस.”

प्रदर्शनात युर्गेन त्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. क्वाबेना माझ्यामागे लपायला बघत होता. माझ्या किरकोळ अंगकाठीमागे ते शक्य नव्हतं.

“आल्झो... म्हणजे असं,” युर्गेन शेवटी म्हणाला, “माझ्या पोरीच्या केसांचा गुंता काही सुटत नाही. शनिवारी तिला घेऊन येऊ का?”