काकांचा रिपोर्ट

चारकोपला माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. समोरच्या सेक्टरमधले एक काका अटॅकनंतर हृदयात स्टेंट बसवून आल्यापासून रक्त पातळ करायची गोळी माझ्याकडूनच न्यायचे. मुलीने हट्टाने त्यांची जनुकीय तपासणी करून घेतली. तो रिपोर्ट घेऊन काका काउंटरवर आले. म्हणाले, "डॉक्टरांनी न वाचताच परत दिला. तू बघ ना, तुला औषधातलं कळतं."

दोन पानं नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. त्यांच्या गोळीचं नाव तेवढं मी ओळखलं. पण काउंटरवर 'मला कळत नाही' म्हणायची आम्हा केमिस्टांना सवय नाही. मी मान हलवली, "चालू ठेवा काका" म्हटलं आणि झेरॉक्स काढून दुकानातल्या त्यांच्या फाइलला नीट लावून ठेवली.

तीन महिन्यांनी दुसरा अटॅक आला आणि काका गेले.

फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला रिफ्रेशर कोर्स करावा लागतो, तिथे मी ती झेरॉक्स नेली. शिकवणाऱ्या सरांनी मिनिटभर पाहिलं. "या पेशंटला ही गोळी नीट लागू पडणार नाही, एवढंच लिहिलंय."

"मग हे वाचायला शिकवा ना आम्हाला."

"सिलॅबसमध्ये नाही, मॅडम. हजेरीची सही केलीत ना? जेवून घ्या."

मी जेवले. सर्टिफिकेट दुकानात लावलंय.

परवा काकू आल्या. मुलीने आता त्यांचीही तपासणी करून घेतलीय. रिपोर्ट माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बघ गं जरा. ह्यांचाही तूच बघितला होतास ना?"