कोपऱ्यातला डाग

नात मंदीच्या दिवसांतले जुने फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून अभ्यासते. काल तिनं आमच्या धरणगावच्या जिनचा, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, फोटो उघडला. "आजी, कामगारांचे कपडे किती स्वच्छ आहेत. कोपऱ्यातला हा डाग तेवढा काढून टाकते."

जिन बंद पडली त्या दिवसाचा तो फोटो. धुतलेले कपडे घालून या, असं सगळ्यांना बजावलं होतं. बघता बघता सरकीचा तेलकट वास नाकात भरला. तेव्हा घरी तान्हा भाऊ रडून थकला होता. आईच्या पोटात अन्न नव्हतं, अंगावर दूध नव्हतं. सरकीची खीर खाल्ली की दूध येतं, असं बाया म्हणायच्या.

"तू हालू नको व माय, माले काम शे," म्हणत आईनं मला कामगारांच्या रांगेत आपल्या जागी उभं केलं. सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना ती मागच्या ढिगातली सरकी वाकून ओच्यात भरत होती. हललेलं माणूस त्या कॅमेऱ्यात पुसट यायचं.

रात्री तिनं सरकी भिजत घातली. सकाळी ती टम्म फुगली होती, आणि झोळीतला भाऊ गार पडला होता.

फोटोत मी लख्ख दिसते. जराही हलले नव्हते.

"डाग राहू दे," मी नातीला म्हटलं. "आईचा दुसरा फोटो नाही."