मिलिंदकाकांनी खोडलेला परिच्छेद

कॅनडातल्या रिचमंड हिलच्या आमच्या मराठी मंडळात सगळे सांगतात, की मिलिंदकाकांचा स्वानंद अमेरिकेत मोठ्या युनिव्हर्सिटीत शिकतो, म्हणून तर काका दर फॉलमध्ये, हिवाळ्याच्या आधी, बेसमेंटमध्ये मुलांच्या आईबाबांसाठी अमेरिकन ॲडमिशनचे वर्ग घेतात. खोटं आहे. स्वानंददादा इथेच कॅनडात, एडमंटनला शिकतो. अमेरिकेतल्या एकाही कॉलेजने त्याला घेतलं नाही. काका हे दर वर्षी पहिल्याच वाक्यात सांगतात, पण साबुदाणावडे येईपर्यंत लोक विसरलेले असतात.

काका नागपूरचे. त्यांचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. नाकातून सुरू करायचा आणि शेवट सोडून द्यायचा. यंदा राजनकाकांनी विचारलं, "पोराला नाइंटी-सिक्स परसेंट आहेत, मग निबंध कशाला?"

"नाइंटी-सिक्स सगळ्याइलेच असतात, राजेहो. त्यांना पोरगं पाहाचं असते. अन् तो निबंध तुम्ही वाचू नका."

"शुद्धलेखन तरी बघू की नको?" माझी आई.

"नको, वहिनी. शुद्धलेखनापासूनच सुरू होते."

त्यांचं तसंच सुरू झालं होतं. स्वानंददादाने निबंधात लिहिलं होतं, की इंजिनियर असलेले बाबा कॅनडात आल्यावर शेजारच्या वॉन शहरातल्या एका वेअरहाउसमध्ये खोकी उचलायचे. त्याला डेकेअरमधून घरी आणताना ते गाडीत इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करायचे, आणि मागच्या सीटवरून तो मॅनेजर होऊन प्रश्न विचारायचा. काका स्पेलिंग बघायला बसले आणि तो परिच्छेदच काढून टाकला. घरातलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणाले. तिथे गणिताचं मेडल घातलं.

दादा भांडला नाही. "फाइन, बाबा," एवढंच म्हणाला. नकार त्यामुळेच आले का, कोणालाच कळणार नाही. पण तेव्हापासून फोनवर तो आईशी बोलतो आणि बाबांना हवामान सांगतो.

यंदा मीही अप्लाय करतेय. वर्ग संपल्यावर मी काकांना म्हटलं, "दादाकडे तो परिच्छेद मागा. त्याने जपून ठेवलाच असणार. पैज. हरले तर पहिल्या बर्फाला तुमचा ड्राइव्हवे मी शोव्हल करीन."

"नसन ठेवला," काका म्हणाले. तरी फोन काढला आणि एका बोटाने बराच वेळ टाइप करत राहिले.

दुसऱ्या दिवशी दादाचं उत्तर आलं. केव्हाच डिलीट केला, बाबा. नो वरीज.

पहिला बर्फ पडला तशी मी त्यांच्या दारात गेले. काका बर्फ काढायचं दुसरं शोव्हल घेऊन बाहेर आलेच. अर्धा ड्राइव्हवे झाल्यावर म्हणाले, "तू माझी नक्कल करतेस म्हणे. करून दाखव ना. 'घरातलं बाहेर सांगाचं नसते.'"

मी केली. नाकातून, शेवट सोडून.

काका शोव्हलवर टेकून ऐकत होते. "इतकं सहज बोललो असन मी?"

मी बर्फ ढकलत राहिले.

"ही पैज तूच जिंकाले पाहिजे होती, अवनी," ते म्हणाले आणि गॅरेजसमोरचा बर्फ काढायला वळले.