मधल्या धारेतली ओटी

गोदावरीच्या काठावर उभा जन्म काढून घोट्याच्या वर कधी न भिजलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका आमच्या घराण्यात जन्माला आला. आमचे धाकटे चुलते. जालना जिल्हा दक्षिणेला जिथं संपतो तिथं अगदी नदीला लागून त्यांचं घर आहे. अलीकडच्या काठाला आपण, पलीकडच्या काठाला बीड जिल्हा. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. काका तर नुसतं 'माय' म्हणतात. तहसील कचेरीतून ते निवृत्त झाले तेव्हा मुलानं जालन्याच्या फ्लॅटमध्ये राहायला या म्हणून किती विनवण्या केल्या. काका एकदाच आले. सकाळी गॅलरीत उभे राहिले, खाली डोकावले, आणि दुपारच्या एसटीनं परत निघाले. "आरं, रोज उठून मोटारसायकली बघत बसू का?" एवढंच त्यांचं म्हणणं.

नदीकडच्या गच्चीवर काकांची एक लोखंडी खुर्ची आहे. तिच्यात दुसऱ्या कुणी बसायचं नाही, असा घरातला कायदा. जावई असो, पाहुणा असो, सरपंच असो, त्यानं सतरंजीवर बसावं, आणि तेही नदीकडं तोंड करून. एखादा नदीला पाठ करून बसला की काका त्याच्याशी बोलणंच बंद करतात. सकाळचा चहा झाला की ते खुर्चीत बसतात, गळ्यात जुन्या बाजारातून आणलेली दुर्बीण अडकवतात आणि नदीवरच्या वाहतुकीचा ताबा घेतात. पलीकडं जाणारी एकच नाव, एकच नावाडी. पण काकांच्या सूचना बंदरावरच्या साहेबासारख्या. "आरं डाव्या अंगाला माणसं जास्ती झाली! त्या शेळीला मधी घे! ओ बाई, उभ्या राहू नका, बिलकुल उभं राहायचं न्हाई!" खाली यातलं एक अक्षरही ऐकू जात नाही. तरी नाव सुखरूप पलीकडं लागली की काका समाधानानं मान हलवतात, आणि आपल्यामुळेच लागली असा चेहरा करून दुसरा चहा मागतात.

महिना कोणता हे त्यांना कॅलेंडर पाहून कधी सांगावं लागलं नाही, नावेत काय चाललंय त्यावरून ते सांगतात. नाव वर ओढून लिंबाच्या बुंध्याला बांधलेली आणि पाणी लालभडक, म्हणजे आषाढ-श्रावण. माहेरवाशिणी पदराखाली जपून काहीतरी घेऊन बसल्या म्हणजे महालक्ष्म्यांचे मुखवटे निघाले, भादवा आला. दिवाळीनंतर पाणी निवळतं, बाहेरगावची बदकं उतरतात, आणि नावेत कापसाची बोचकी दिसू लागतात. लगीनसराईत तर काय विचारता! एकदा त्या एवढ्याशा नावेत नवरा-नवरी, वाजंत्री, लोखंडी कपाट आणि एक मोटारसायकल पाहून काकांनी डोळेच मिटून घेतले, आणि नाव लागल्याची खात्री काकूंना करायला लावली. उन्हाळ्यात पाणी आटलं की नाव गाळात रुतायची, मग लोक खाली उतरून तिलाच ढकलत न्यायचे. त्या दिवसांत काका जरा निवांत असत.

आता एवढा नावेचा जिव्हाळा असलेला माणूस नावेत कधी बसला? तर नाही. कधीच नाही. "पाण्याला कोण भितो? पाणी माय हाये. नाव लाकडाची असती, तिचा काय भरवसा?" असं त्यांचं तत्त्वज्ञान. आणि गंमत अशी की त्यांची सासुरवाडी बरोबर समोर, पलीकडच्या काठावर. काकूंचं माहेर गच्चीवरून दिसतं. नावेनं गेलं तर पान लावून खाईपर्यंत माणूस पोचतो. काका मात्र लग्नापासून एसटीनं जातात. आधी अंबडकडं, मग शहागडच्या पुलावरून नदी ओलांडायची, गेवराईला गाडी बदलायची, आणि पुन्हा नदीच्याच दिशेनं मागं यायचं. दोघं एकाच वेळी घर सोडणार. काकू माहेरी पोचून, सगळ्यांची विचारपूस करून, पुरण वाटून, पोळ्या लाटायला घेणार, तेव्हा हे रुमालानं मान पुसत दारात उभे. "जल्दी आलात जावाईबापू," असं त्यांचे मेव्हणे दरवेळी म्हणायचे, आणि काका दरवेळी म्हणायचे, "गाडी बराबर मिळाली."

पण काकू नावेत बसल्या की काका लगेच स्टँडवर जात नसत. आधी गच्ची. पलीकडं उतरायच्या जागी एक बाभूळ आहे. काकूंच्या पिशवीत जुन्या लाल लुगड्याचा तुकडा असायचा, तो त्यांनी उतरल्याबरोबर बाभळीला बांधायचा. तो दिसला की काका म्हणायचे, "पोचली." मग टॉवेल हलवून पोच द्यायची आणि मगच स्टँडची वाट धरायची. मोबाईल आले तरी ही पद्धत सुटली नाही. "फोनवर माणूस कुठूनबी बोलतं. लुगडं खोटं बोलत न्हाई," काका म्हणत.

लुगडंही एकदा खोटं बोललं. पौषातली सकाळ, भाच्याचं बारसं, आणि नदीवर असं दाट धुकं की हात पुढं केला तर बोटं दिसेनात. काकू नावेत बसल्या, नाव धुक्यात शिरली, आणि थोड्या वेळानं नावाड्यालाच दिशा कळेना. त्यानं नाव वळवून आपल्याच काठाला, पण बऱ्याच वर, मारुतीच्या पाराखाली लावली. काकू मागच्या गल्लीतून घरी आल्या. धुकं निवळल्यावर जाऊ म्हणून त्यांनी तोवर कणीक मळायला घेतली. हे गच्चीवरच्या काकांना काय ठाऊक! धुकं फाटलं, बाभळीवर लाल कापड दिसलं. पलीकडच्या कुण्या बाईनं धुणं वाळत घातलं होतं. काका म्हणाले, "पोचली," टॉवेल हलवला, आणि बाहेरच्या जिन्यानं खाली उतरून थेट स्टँड गाठला. मोबाईल घरीच.

दुपारी ते सासुरवाडीला पोचले. मेव्हण्यांनी दारातच विचारलं, "जावाईबापू, ताई कुठाय?" काका तिथंच पायरीवर बसले. थोड्या वेळात मला जालन्याच्या ऑफिसात मेव्हण्यांच्या फोनवरून फोन आला आणि पलीकडून काकांचा हंबरडा, "आरं, तुझी काकू गेली रे! सकाळी नावंत बसून आल्ती, पोचलीच न्हाई!" मी घाबरून उठून उभा राहतो न राहतो तोच दुसऱ्या फोनवर काकू, "आरं बाबा, तुझे काका सकाळपासून घरात न्हाईत. खुर्ची मोकळी, टॉवेल कठड्यावर. लुगडं दिसल्याबिगर तर ते स्टँडवर जात न्हाईत. मला कसंतरी होऊन राह्यलंय." मी दोन्ही फोन दोन कानांना लावले आणि ओरडलो, "काकू घरी आहेत! काका सासुरवाडीला आहेत! कुणी कुठं गेलेलं नाही!" आमच्या साहेबांनी तेव्हापासून माझ्या घरच्या फोनबद्दल तक्रार केलेली नाही.

खरी गोष्ट पुढंच आहे. काका धावत काठावर आले. अलीकडं काकू येऊन उभ्या. मधे नदी, ऊन पडलेलं, पाणी शांत. नावाडी म्हणाला, "बसा साहेब, आत्ता नेऊन सोडतो." काकांनी नावेकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं. एक पाय उचलला. खाली ठेवला. आणि गेवराईच्या गाडीनं शहागडमार्गे अंधार पडता पडता घरी आले. ही गोष्ट सांगताना सगळं घर हसतं. काकू नाही हसत. "त्या दिवशी तरी बसतेत वाटलं होतं," एवढंच म्हणतात.

कारण त्यांचं एक राहून गेलं होतं. त्या काठाची रीत अशी, की लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी निघाली की नावाडी मधल्या धारेत वल्हं उचलून धरतो, आणि नवरा-बायकोनं जोडीनं गंगेची ओटी भरायची. खण, नारळ, हळदकुंकू. काकूंच्या वेळी नवरदेव एसटीनं गेला होता. एकटीनं ओटी भरायची नाही म्हणून तो हिरवा खण तसाच ट्रंकेत राहिला. दरवर्षी काकू विषय काढायच्या आणि दर ऋतूत काकांचं उत्तर तयार असायचं. पावसाळ्यात, "मायचा जोर बघ, आत्ता न्हाई." हिवाळ्यात, "धुकं बघ." उन्हाळ्यात, "आता पाणी कुठाय ओटी भरायला? खण गाळात टाकती का?"

अशात काकांच्या गावालाच नवा पूल आला. आधी नदीत खांब उभे राहिले, मग त्यावर रस्ता पडला, आणि दिवाळीनंतर नावाडी सांगून गेला की पूल सुरू झाला की नाव वर ओढून ठेवणार. काकांना आधी आनंदच झाला. ते म्हणाले, "बघ, झाली न सोय! आता जोडीनं पुलावर जाऊ आन वरून सोडू ओटी."

"वरून फेकायला ती काय भिकारीण हाये का?" काकू म्हणाल्या. ट्रंकेतला खण काढून त्यांनी उन्हात घातला, संध्याकाळी घडी करून परत ठेवला. भांडल्या असत्या तर काका तरले असते. त्या गप्प बसण्यानं ते पार खचले. खुर्चीत बसायचे पण दुर्बीण उचलायचे नाहीत.

पूल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मला फोन आला. "ये. जल्दी ये. आन तुझ्या काकूला काई सांगू नको."

मी पोचलो तर काका लग्नातला कोट घालून अंगणात उभे, आणि कोटावरून कमरेला ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब. मला हाताला धरून त्यांनी गच्चीवर नेलं, दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि चक्क त्या खुर्चीत बसवलं. "बाभळीवर नजर ठेव. लुगडं दिसल्याबिगर उठायचं न्हाई. चहाबी इथंच पी."

"काका, मी फोन करतो ना पोचल्यावर."

"फोन न्हाई. लुगडं."

काकांचा तो थाट पाहून काकू काय ते समजल्या आणि त्यांनी ट्रंकेतला खण काढून नारळासह ताटात घेतला. काकूंनी नंतर सांगितलं, काठावर नावाडी ट्यूबकडं पाहून म्हणाला, "साहेब, हे काढा. काकूला बसायला जागा न्हाई राह्यली." काकू म्हणाल्या, "राहू द्या. असेच चालू द्या त्यांना." वरून मला दिसलं ते एवढंच, की काकांनी डोळे घट्ट मिटले, काकूंचा हात धरला, आणि पाय उचलला तो खाली ठेवला नाही.

नाव निघाली आणि मी, बँकेच्या परीक्षा पास झालेला, दोन मुलांचा बाप, गच्चीवरून ओरडलो, "उभे राहू नका! मधी बसा!" मधल्या धारेत नावाड्यानं वल्हं उचलून धरलं. नाव थांबली. दोन डोकी एकत्र वाकली, आणि पाण्यावर हिरवं काहीतरी क्षणभर दिसलं. मग नाव पुढं गेली आणि पाण्यावरच्या उन्हात दिसेनाशी झाली. चहाला साय आली. बाभळीवर काही नाही. आता पोचले असतील, मी मनात म्हटलं. नाव असते लाकडाची, हेही मनात आलं. आणि मग बाभळीवर लाल दिसलं. त्याच्या शेजारी पांढरा टॉवेल. "पोचले," मी मोठ्यानं म्हणालो. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

परत मात्र काका एसटीनंच आले.

आता नाव लिंबाखाली पालथी पडली आहे. दोघं रिक्षानं पुलावरून जातात, शेजारी शेजारी बसून, गप्पा मारत. मागच्या खेपेला मी काकूंना विचारलं, "आता बरं झालं ना काकू?"

"बरं तर झालं की. संगं असतेत," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण पुलावरून मागं वळून बघितलं न बाबा, तर गच्चीवर कुणीच नसतं."

म्हणून हल्ली ते निघणार असले आणि मला सुटी असली, की मी जालन्याहून येतो, आणि त्या खुर्चीत बसतो.