ढगाची शिकवणी

टॉमा हाबेनने तीस वर्षं लोकांना उडायला शिकवलं, आणि तेही फुकट. आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी समुद्राच्या बांधामागच्या गवताच्या धावपट्टीवर, क्लबच्या चार आसनी विमानात, शिकाऊ माणसाशेजारी बसून त्याच्या चुका पोटात घालायच्या. नवरा होता तोवर म्हणायचा, "घरची मेंढरं सोडून ही बाई ढग वळायला जाते." तोंडाची ती तिखट. पण एखाद्याचं काम मनासारखं उतरलं की कौतुक तिच्या तोंडात मावत नसे. त्याच खोडीने घात केला.

वियार्ड फोल्कर्ट्स हा तिचा सर्वांत वयस्क विद्यार्थी. जन्मभर लोकांच्या घरातले बॉयलर दुरुस्त केले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला पंख फुटले. हौशी वैमानिकाचा परवाना काही कुणी ओंजळीत आणून देत नाही. निदान तीस तास शिकायचं, त्यातले काही एकट्याने. मग लेखी परीक्षा, डॉक्टर, परीक्षकासमोर उड्डाण. परवाना हाती आला तरी आणखी दहा तास एकट्याने उडाल्याशिवाय शेजारी कुणाला बसवायचं नाही. एवढं करून मिळतं काय, तर दिवसाउजेडी, जमीन दिसते आहे तोवर उडायची मोकळीक. ढगात पाऊल टाकायचं नाही.

ढगाबद्दल शिकवायची गोष्ट एकच. चुकून शिरलात तर सावकाश अर्धं वळण घ्या आणि आल्या वाटेने बाहेर पडा. त्यासाठी शिकणाऱ्याच्या डोक्यावर घोड्याला लावतात तशी झापड घालतात, म्हणजे बाहेरचं काही दिसत नाही, समोरच्या यंत्रांचे काटे तेवढे दिसतात. वियार्डने ते वळण पहिल्याच दिवशी इतकं सफाईने घेतलं की टॉमा बोलून गेली, "अरे, तू तर असाच थेट घरी पोचशील." ती बोलली आणि विसरली. तो विसरला नाही.

सहा वर्षांनी, क्लबच्या चहाच्या टेबलावर, वियार्ड सगळ्यांना रंगवून सांगत होता. बेटावरून परत येताना खाडीवर ढग बसला होता. बाकीचे बेटावरच अडकून पडले. आपण मात्र सरळ आत शिरलो, काट्यांवर नजर ठेवली आणि बरोब्बर बांधावर बाहेर पडलो. दोघातिघांनी टेबल वाजवलं. मग त्याने टॉमाकडे बोट केलं. "शिकवणारी कोण आहे? हिनेच सांगितलं होतं, थेट घरी पोचशील म्हणून."

टॉमाने टेबल वाजवलं नाही. कारण येत्या रविवारी वियार्ड त्याच्या सात वर्षांच्या नातीला, फेनाला, बेटावर नेणार होता. पुन्हा ढग आडवा आला तर हा मागे वळणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. तिथल्या तिथे तिने त्याला झापलं. तो हसला. म्हणाला, "म्हातारी झालीस तू."

दर दोन वर्षांनी अशा वैमानिकाला शिक्षकाबरोबर एक तास उडावं लागतं आणि शिक्षकाची सही घ्यावी लागते. वियार्डचा तो तास नेमका त्याच आठवड्यात भरायचा होता. टॉमाला सही नाकारता आली असती. पण मग तो शेजारच्या विमानतळावर गेला असता आणि तिथल्या एखाद्या तरण्या शिक्षकाने डोळे झाकून सही दिली असती. शब्दांनी भागणार नव्हतं.

शनिवारी खाडीवर उंच गेल्यावर तिने त्याला झापड घातली. तो खूश. काटे जागच्या जागी धरून सरळ चालला होता. मग टॉमाने बोलायला सुरुवात केली. बेटाच्या रेडिओचा आकडा कुठला ते नकाशात बघ. इंधन किती उरलंय? ढगात एकटा असताना हे सगळं करावंच लागतं. नकाशा त्याच्या पायाशी पडला, तो उचलायला वाकला, आणि डावा पंख हळूच खाली गेला. मान वर केली तेव्हा तोल सांभाळणारे कान सांगत होते सरळ, काटे सांगत होते वळण. त्याने कानांवर विश्वास ठेवला.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला.

वेग वाढला तसा नाक वर काढायला त्याने दांडा ओढला, आणि विमान आणखी आवळून गोल गोल खाली जाऊ लागलं. इथे टॉमाने हात घालायला हवा होता. तिने घातला नाही. दोन श्वास ती थांबली. राग होता तिला, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. मग तिने झापड ओढून काढली. समोरच्या काचेत आभाळ नव्हतंच. ओहोटीने उघडा पडलेला खाडीचा चिखल होता, आणि त्यावरून चालणारी माणसं मान वर करून बघत होती.

"माझ्या हातात," टॉमा म्हणाली, आणि विमान सावरलं.

दोघं परत उतरली. क्लबात पहिल्याच कपानंतर त्याने चमचा कपात उभा केला, म्हणजे पुरे. तीन कपांखाली उठणारा हा माणूस नव्हे. टॉमाने सही केली. त्याला म्हणाली की ढगात जाऊ नकोस, एवढंच; बाकी तुझ्या हातात काही खोट नाही.

"फेना शेजारी असती," वियार्ड म्हणाला.

"म्हणून तर केलं."

"तू बोलली होतीस, पोचशील."

"बोलले होते. चुकलं माझं."

त्याने मान हलवली. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी तो फेनाला घेऊन आला. विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, पोरीला आत बसवलं, पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग किल्ली टॉमाच्या हातात दिली आणि म्हणाला, "तूच ने हिला." टॉमाने खूप समजावलं. शेवटी, निदान बरोबर तरी चल, म्हणून विनवलं.

"आजोबा, तू पण ये ना," फेनाने दारातून हाक मारली. "मागे जागा आहे."

वियार्डने पायरीवर पाय ठेवला. ठेवला आणि काढून घेतला. मग त्याने दार नीट लावलं आणि कुंपणाकडे चालत गेला.

टॉमाला त्याला फक्त ढगाची भीती घालायची होती. त्या रविवारी आभाळात औषधालाही ढग नव्हता.